बारा-झिरो-बारा की झिरो-बारा? पहिला ट्रान्सफॉर्मर निवडताना

पुण्यात तापकीर गल्लीत मी पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मर (भिंतीतले २३० व्होल्ट कमी करून देणारी वस्तू) घ्यायला गेलो, तेव्हा काउंटरपलीकडच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "कुठला?"

"बारा व्होल्टचा."

"अरे हो, पण बारा-झिरो-बारा का झिरो-बारा? अँपियर किती?"

मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबलेली. मला दोन्हीतला फरक माहीत नव्हता, आणि तसं म्हणायची लाजही वाटत होती. "मोठा द्या," म्हणालो आणि बारा-झिरो-बारा, दोन अँपियरचा घेऊन घरी आलो. आता ही तिसरी, मधली तार कशाला, ते कळेना. तिला टेप गुंडाळून बाजूला वळवून ठेवली आणि उरलेल्या दोन तारा ब्रिज रेक्टिफायरला (एसीचं, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं, डीसी म्हणजे एकाच दिशेची वीज करणारे चार डायोड) जोडल्या. पुढे ४४४० आयसीचा (आवाज मोठा करणाऱ्या चिपचा) तयार अँप्लिफायर बोर्ड. बटण दाबलं. स्पीकरमधून चार सेकंद घुंऽऽ, मग टप्प, आणि आयसीच्या पोटाला बारीक खड्डा. वास दोन दिवस खोलीत होता.

त्या आयसीला चालताना जास्तीत जास्त १८ व्होल्ट डीसी सोसतात. मी पस्तीस-चाळीस दिले होते. ट्रान्सफॉर्मर चांगला होता, दुकानदारानं मागितलेलीच वस्तू दिली होती. चूक अशी की मी ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात केली आणि त्यावर छापलेला आकडाच बोर्डाला मिळेल असं धरून चाललो. खरं तर उलटं चालायचं असतं. आधी बोर्डाला काय हवं ते बघायचं आणि तिथून एकेक पाऊल मागे येत भिंतीवरच्या प्लगपर्यंत पोचायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

(वर्तमानपत्रात 'रोहित्र जळाले' असं वाचतो ते खांबावरचं, गावाकडे ज्याला डीपी म्हणतात ते. तत्त्व तेच. पण काउंटरवर रोहित्र मागितलंत तर काका नक्की मान वर करतील.)

सुरुवातीलाच दोन गोष्टी

पहिली जिवाची. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि ते माणूस मारायला पुरेसे आहेत. तारांना हात लावायचा तो प्लग भिंतीतून उपसून, समोर टेबलावर दिसेल असा ठेवून. नुसता खटका बंद करून भागत नाही. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये कित्येकदा खटका न्यूट्रलवर बसवलेला सापडतो आणि फेज तसाच जिवंत असतो. मेन लाइनवर कधीच काम केलं नसेल तर पहिल्या दिवशी शेजारी एखादा जाणकार बसवा.

दुसरी गोष्ट: तुम्हाला ट्रान्सफॉर्मर हवाच आहे का? आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) चालवायचा असेल तर घरातला मोबाइलचा चार्जर पुरतो. बारा व्होल्टची एलईडी पट्टी लावायची असेल तर तयार अडॅप्टर घ्या, हलका आणि स्वस्त पडतो. लोखंडी ट्रान्सफॉर्मर कामाला येतो तो ऑडिओत, जिथं अशा चार्जर-अडॅप्टरमधल्या स्विचिंगची किरकिर नको असते, प्लस-मायनस असा दुहेरी सप्लाय हवा असतो तिथे, किंवा टेबलावरचा व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय बनवायचा असतो तेव्हा. शिकण्यासाठीही तो चांगला, कारण त्यात सगळं मोजता येतं.

पायरी १: बोर्डाला काय हवं ते कागदावर लिहा

तीन आकडे लागतात: किती व्होल्ट डीसी, जास्तीत जास्त किती करंट, आणि किती व्होल्टच्या वर गेलं तर वस्तू मरते. बहुतेक जण पहिले दोन लिहितात. माझा आयसी तिसरा न लिहिल्यामुळे गेला.

या लेखापुरती दोन उदाहरणं धरू. एक, ७८०५ रेग्युलेटरवर (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारी चिप) ५ व्होल्ट, ५०० मिलिअँपियरचा सप्लाय. दोन, तोच ४४४० चा स्टिरिओ बोर्ड. त्याला शिफारस १३.२ व्होल्टची आहे आणि चालतानाची मर्यादा १८ ची.

पायरी २: डीसीवरून मागे एसीकडे

ट्रान्सफॉर्मरवर '१२ व्होल्ट' लिहिलेलं असतं ते एसीचं, आरएमएस, म्हणजे लाटेचा परिणामी आकडा, शिखर नव्हे. डायोड आणि कपॅसिटरमधून (वीज साठवणारा भाग) गेल्यावर कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो, आणि शिखर असतं १.४१ पट. म्हणजे १२ चे १७. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोड वाटेत येतात, प्रत्येकी साधारण ०.७ व्होल्ट खातात, म्हणून उरले १५.६. हा हिशोब पाठ झाला की अर्धं काम झालं.

उरलेल्या अर्ध्यात तीन खोड्या आहेत.

कपॅसिटर शिखरावर भरतो, पण पुढचं शिखर येईपर्यंत बोर्ड त्यातून पीत राहतो, त्यामुळे व्होल्टेज थोडं खाली येतं. याला रिपल म्हणतात. आपली लाइन ५० हर्ट्झची, ब्रिजनंतर सेकंदाला १०० शिखरं. रिपल काढायला करंट भागिले १००, भागिले कपॅसिटरची किंमत फॅरडमध्ये. ५०० मिलिअँपियर आणि २२०० मायक्रोफॅरडला सव्वादोन व्होल्ट. ४७०० घातला तर एक व्होल्ट. प्रत्यक्षात याहून थोडं कमीच भरतं, पण हिशोब कडक ठेवलेला बरा.

दुसरी खोडी लाइनची. २३० हा आकडा कागदावरचा. माझ्या आजोळी संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला पंखा दमल्यासारखा फिरतो. मीटर लावला तर १९० दिसतात. मध्यरात्री मोटारी बंद झाल्या की २५०. ट्रान्सफॉर्मरला यातलं काही लपवता येत नाही, जे आत येतं त्याच प्रमाणात तो बाहेर देतो.

तिसरी खोडी नवख्यांना सगळ्यात जास्त गोंधळात पाडते. छापलेले १२ व्होल्ट पूर्ण भार असतानाचे असतात. भार नसताना छोटा ट्रान्सफॉर्मर पंधरा-वीस टक्के जास्त दाखवतो. नवा आणलेला '१२ व्होल्ट'चा मीटरवर १४ दाखवतोय म्हणून परत करायला जाऊ नका, तो ठीक आहे. मात्र बोर्ड नुसता चालू असून गाणं वाजत नसतं, तेव्हा कपॅसिटरवर हेच चढलेलं व्होल्टेज जाऊन बसतं, हे लक्षात ठेवा.

आता ७८०५ चं उदाहरण पूर्ण करू. ५ व्होल्ट नीट द्यायला त्याला आत किमान ७ तरी हवेत, आणि तेही रिपलच्या तळाशी. ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर ६ गुणिले १.४१, वजा १.४, राहिले ७.१. त्यातून एक व्होल्ट रिपल गेला की ६.१. नापास, आणि हे २३० व्होल्टवर. ९ व्होल्टचा घेतला तर ११.३ मिळतात. लाइन १९० वर घसरली तरी ९.१, आणि ४७०० चा कपॅसिटर असेल तर तळ ८ वर राहतो. पास. २२०० घातलात तर तळ ६.८ वर जातो, म्हणजे काठावर नापास. रेडिओत संध्याकाळीच गुरगुर येते आणि सकाळी सगळं ठीक असतं, अशा तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा एवढंच निघतं.

मग सरळ १२ चाच का घेऊ नये? घेता येतो. पण जास्तीचे व्होल्ट रेग्युलेटर उष्णता करून उडवतो. ९ च्या ट्रान्सफॉर्मरवर ७८०५ सुमारे तीन वॅट जाळेल, १२ च्यावर सव्वापाच. सव्वापाच वॅटला चांगला मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लागतो, नाहीतर रेग्युलेटर तापून स्वतःच बंद पडतो, थंड झाला की परत सुरू होतो, आणि तुम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसता. माझी एक अख्खी दिवाळीची सुट्टी अशी गेली आहे.

कपॅसिटरचे व्होल्ट मात्र वरच्या टोकाकडून ठरवा: लाइन २५०, भार शून्य. ९ व्होल्टवाला तेव्हा साडेपंधरापर्यंत चढतो, म्हणून त्याला १६ चा नको, २५ चा घ्या. १२ वाल्यावर वीस-एकवीस होतात. २५ चा चालेल, मी ३५ चा लावतो.

पायरी ३: मधली तार

आता माझ्या त्या टेप गुंडाळलेल्या तारेकडे येऊ. बारा-झिरो-बारा म्हणजे एकच वाइंडिंग (तारेचं गुंडाळं), त्याच्या बरोबर मध्यातून एक तार बाहेर काढलेली. मधल्या तारेपासून कुठल्याही टोकापर्यंत १२ व्होल्ट, पण टोकापासून टोकापर्यंत २४. दोन्ही टोकं ब्रिजला दिलीत तर २४ चा १.४१ पट, म्हणजे ३४, आणि भार नसताना चाळीसच्या घरात. माझा आयसी असा गेला.

या तीन तारा तीन तऱ्हांनी वापरतात.

दोन टोकांना एकेक डायोड लावून डायोडची पट्ट्याची बाजू एकत्र जोडली की ती झाली प्लस, आणि मधली तार झाली मायनस. दोन अर्धी वाइंडिंग पाळीपाळीनं काम करतात. वाटेत एका वेळी एकच डायोड असल्यानं फक्त ०.७ व्होल्ट जातात. बारा-झिरो-बारावर १६.३ मिळतात. बाजारातल्या बहुतेक स्वस्त अँप्लिफायरमध्ये हेच असतं.

दुसरी तऱ्हा, दोन टोकं ब्रिजला आणि मधली तार ग्राउंड, म्हणजे शून्य. एका बाजूला प्लस १६, दुसऱ्या बाजूला मायनस १६ मिळतात. टीडीए२०३० सारख्या अँप्लिफायर आयसीला असा दुहेरी सप्लाय आवडतो, पण इथं एक सापळा आहे. साध्या टीडीए२०३० ची मर्यादा प्लस-मायनस १८ आहे. भार नसताना बारा-झिरो-बारा १९ पर्यंत जातो. कागदावर सगळं बसतं आणि आयसी महिन्यानं मरतो. त्याच्या 'ए' आवृत्तीची मर्यादा २२ आहे, तिला चालतं. साध्यासाठी नऊ-झिरो-नऊ घ्या आणि निवांत झोपा.

तिसरी म्हणजे मी केलेली, मधली तार सोडून २४ व्होल्ट वापरणे. २४ हवे असतील तर त्यात काही गैर नाही. फक्त माहीत असून करा.

झिरो-बाराला दोनच तारा. त्याला ब्रिज लागतो. एकच सप्लाय हवा असेल आणि चार डायोड लावायची तयारी असेल तर हा सुटसुटीत.

मग ४४४० ला कुठला? बारा-झिरो-बारा दोन डायोडवर दिला तर १६.३, भार नसताना १९.७. आयसी गप्प बसलेला असताना २५ पर्यंत सोसतो, वाजायला लागला की व्होल्टेज खाली येतं. म्हणून हजारो बोर्ड असे चालतात. पण नऊ-झिरो-नऊवर भारात बारा आणि मोकळेपणी साडेचौदा मिळतात, आयसी निम्मा गरम होतो, आणि आवाजात कानाला कळेल इतका फरक नसतो. दुकानात सगळे बारा-झिरो-बाराच सुचवतील. मी नऊ-झिरो-नऊ मागतो.

पायरी ४: अँपियर

करंट जास्तीचा असलेला चालतो, व्होल्ट जास्तीचे चालत नाहीत. पाच अँपियरचा ट्रान्सफॉर्मर बोर्डात पाच अँपियर ढकलत नाही, बोर्डाला लागेल तेवढंच तो देतो. टाकीत पाणी कितीही असलं तरी नळ सोडू तेवढंच येतं ना, तसं.

पण इथेही छापलेला आकडा जसाच्या तसा मिळत नाही. कपॅसिटर सतत करंट घेत नाही, शिखराच्या क्षणी जोरात ओढतो. त्या झटक्यांनी वाइंडिंग जास्त तापतं. म्हणून ब्रिजवर झिरो-बारा १ अँपियरकडून डीसीचा ०.६ अँपियरच धरायचा. मधल्या तारेच्या दोन-डायोड पद्धतीत भार दोन अर्ध्यांत वाटला जातो, तिथे १ ला १ धरला तरी चालतं. आपल्या ५०० मिलिअँपियरच्या ७८०५ साठी ब्रिजवर ५०० मिलिअँपियरचा ट्रान्सफॉर्मर अपुरा पडेल. झिरो-नऊ, १ अँपियर घ्या.

४४४० दोन्ही चॅनलवर सहा-सहा वॅट देतो. बारा वॅट बाहेर पडायला साधारण बावीस वॅट आत लागतात, म्हणजे पावणेदोन अँपियर, आणि तेही आवाज पूर्ण सोडल्यावर. गाण्याची सरासरी त्याच्या कितीतरी खाली असते. नऊ-झिरो-नऊ २ अँपियर पुरतो, ३ असेल तर ऐसपैस. पाच अँपियरचा धोंडा घ्यायला लावतात तो नका घेऊ.

व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे व्हीए. बारा-झिरो-बारा १ अँपियर म्हणजे २४ गुणिले १, चोवीस व्हीए. हा आकडा पुढच्या पायरीला लागेल.

पायरी ५: दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली आणि बुधवार पेठेचा तो परिसर. इतर शहरांत रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग मिळतात तिथे विचारा. मागणी एका वाक्यात करा: "नऊ-झिरो-नऊ, दोन अँपियर, तांब्याच्या वाइंडिंगचा." शेवटचे शब्द महत्त्वाचे. स्वस्त मालात अ‍ॅल्युमिनियमची तार असते, ती जास्त तापते आणि तिच्यावर डागही नीट बसत नाही. "कॉपर पाहिजे" म्हटलं की काका बहुधा दुसऱ्या खोक्यात हात घालतात.

मग वजन बघा. एकाच लेबलचे दोन ट्रान्सफॉर्मर दोन हातांत घ्या, जड तो चांगला. खिशात छोटी पट्टी असेल तर आणखी चांगलं. हे करून दाखवतो, कारण याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झालाय.

लोखंडी पट्ट्यांची, म्हणजे स्टँपिंगची, लांब बाजू मोजा. समजा ५७ मिलिमीटर भरली. नेहमीच्या ई-आय पट्टीत मधल्या पायाची रुंदी लांबीच्या एक तृतीयांश असते, म्हणजे १९ मिलिमीटर. आता पट्ट्यांच्या थप्पीची जाडी मोजा, समजा २५ मिलिमीटर. १.९ गुणिले २.५ सेंटिमीटर, पावणेपाच चौरस सेंटिमीटर. या आकड्याचा वर्ग करा, साडेबावीस. त्याचा पाऊण भाग, सतरा. हा ट्रान्सफॉर्मर साधारण सतरा व्हीएचा आहे. आणि त्यावर लेबल काय? 'बारा-झिरो-बारा, १ अँपियर', म्हणजे चोवीस व्हीए. त्याच्याकडून पाऊण अँपियरच्या आतच अपेक्षा ठेवा. हा हिशोब ढोबळ आहे, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतो. पण लेबलनं दुप्पट फेकली असेल तर लगेच पकडता येते.

पायरी ६: लेबल नसलेला ट्रान्सफॉर्मर ओळखणे

जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला, भंगारात मिळालेला, काकाच्या माळ्यावर सापडलेला, असा एक तरी प्रत्येकाकडे असतो. तारांच्या रंगांवर भिस्त ठेवू नका, प्रत्येक कारखान्याचे रंग वेगळे.

आधी मल्टिमीटर ओहमवर लावा आणि कुठल्या तारा आपसात जोडलेल्या आहेत ते शोधा. कागदावर जोड्या मांडा. परवाच हाताळलेल्या एकाचं सांगतो. दोन लाल तारांत ४१० ओहम. दोन पिवळ्या आणि एक काळी आपसात जोडलेल्या, पिवळी ते पिवळी २.४, पिवळी ते काळी १.२ आणि १.२. लाल आणि पिवळ्यात काहीच नाही, आणि लाल ते लोखंडातही काही नाही. झालं निदान: लाल म्हणजे प्रायमरी (२३० व्होल्टची बाजू), पिवळ्या म्हणजे सेकंडरी (कमी व्होल्टची बाजू), काळी म्हणजे मधली तार. २३० व्होल्टच्या बाजूला बारीक तारेचे हजारो वेढे असतात, म्हणून तिथे ओहम जास्त. छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शेकड्यांत, मोठ्यात वीस-पंचवीसवरही येतात, पण सेकंडरीपेक्षा नेहमी कितीतरी पट. एक-दोन ओहम मोजताना मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून आधी तारांचाच ओहम बघा आणि तो वजा करा.

काट्याचा जुना मीटर वापरत असाल तर मोजताना उघड्या टोकांना बोटं लावू नका. दीड व्होल्टच्या सेलवरसुद्धा, पिन काढताक्षणी प्रायमरी बोटाला चांगला चिमटा काढते.

प्रायमरी आणि लोखंड यांत मीटरनं काहीही ओहम दाखवला तर तो ट्रान्सफॉर्मर सरळ भंगारात टाका.

आता वीज द्यायची, पण थेट नाही. जुन्या इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असायचा, तो बनवून घ्या: फेजच्या वाटेत साध्या तारेचा ६० वॅटचा बल्ब. एलईडीचा बल्ब इथे चालत नाही. बल्बच्या पुढे ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी. सेकंडरीच्या तारा एकमेकींपासून लांब, हवेत. प्लग लावा. बल्ब काळाच राहिला तर उत्तम. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला क्षणभर लकाकून विझेल, तेही ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत वेढे शॉर्ट आहेत, किंवा तुम्ही सेकंडरीला प्रायमरी समजलात. या दुसऱ्या चुकीची किंमत बल्ब नसता तर मोठी पडली असती. १२ व्होल्टच्या बाजूनं २३० दिले तर दुसऱ्या टोकाला हजारो व्होल्ट उठू पाहतात.

बल्ब शांत असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेकंडरी मोजा. आलेल्या आकड्यातून पंधरा-वीस टक्के कमी करा, तो छापील आकडा. १४ आले तर तो १२ चा.

करंट किती, हे पायरी ५ च्या पट्टीनं कळतंच. खात्री करायची तर बल्ब काढून, पुढे सांगितलेला फ्यूज घालून ट्रान्सफॉर्मर थेट लाइनवर घ्या आणि भार लावा. मी दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब लावतो, तो सुमारे ०.८ अँपियर ओढतो. व्होल्टेज १२ च्या आसपास टिकलं तर ट्रान्सफॉर्मर तेवढ्याचा आहे. ९ वर कोसळलं तर नाही. तासभर तसाच ठेवा, प्लग उपसा आणि लोखंडाला तळहात लावा. पाच सेकंद हात ठेवता आला तर पास.

दोन वेगळ्या सेकंडरी असतील, झिरो-बारा आणि झिरो-बारा, तर त्या जोडून मधली तार तयार करता येते. एकीचं टोक दुसरीच्या टोकाला जोडा आणि उरलेल्या दोनांत मोजा. २४ आले तर बरोबर. शून्य आले तर एक वाइंडिंग उलटं लागलंय, फिरवा.

पायरी ७: यांच्या वाटेला जाऊ नका

मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर. दिसतो दणकट, मिळतो फुकट, आणि सेकंडरीला दोन हजार व्होल्टच्या आसपास, तेही भरपूर करंटसह. त्याच्याबाबत 'सांभाळून वापरा' असा सल्लाही मी देणार नाही. नका वापरू.

फ्रिज-टीव्हीच्या जुन्या स्टॅबिलायझरमधला. तो ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, एकाच वाइंडिंगला टॅप काढलेले. त्याच्या '१२ व्होल्ट'च्या टॅपला फेज थेट जोडलेला असू शकतो. वरच्या ओहमच्या परीक्षेत सगळ्याच तारा आपसात जोडलेल्या दिसल्या की समजा, हाच तो. डिमरस्टॅटचंही (मूठ फिरवून व्होल्ट कमी-जास्त करायचं यंत्र) तेच, व्होल्ट कमी करतो पण लाइनपासून वेगळं करत नाही.

चार्जर आणि सीएफएलमधले पिवळ्या टेपचे चिमुकले ट्रान्सफॉर्मर. त्यांचा गाभा फेराइटचा, हजारो हर्ट्झसाठी बनवलेला. ५० हर्ट्झच्या लाइनला लावलात तर डोळ्यांदेखत जळतात.

आणि अमेरिकेतून आलेल्या सामानातला, ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेला. ११५ च्या दोन प्रायमरी असतील तर त्या सिरीजमध्ये जोडून २३० वर चालवता येतात. ५० हर्ट्झवर तो जरा जास्त तापतो, लक्ष ठेवा. एकच प्रायमरी असेल तर शोभेला ठेवा.

पायरी ८: डब्यात बसवणे आणि पहिलं बटण

फ्यूज प्रायमरीच्या बाजूला, फेजमध्ये. चोवीस व्हीए भागिले २३० म्हणजे सुमारे शंभर मिलिअँपियर. त्याच्या दुपटीचा, २०० किंवा २५० मिलिअँपियरचा स्लो-ब्लो (क्षणभराचा झटका सोसणारा) घ्या. साधा फास्ट फ्यूज सुरुवातीच्या झटक्यानंच उडतो आणि मग लोक वैतागून तांब्याची तार गुंडाळतात. तसं करू नका.

डबा पत्र्याचा असेल तर ट्रान्सफॉर्मरचं लोखंड आणि डबा दोन्ही अर्थिंगला, तीन पिनांच्या प्लगमधून. प्रायमरीच्या प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह. नुसती टेप उन्हाळ्यात सुटते.

गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या मधला बोल्ट फक्त तळाशी पत्र्याला लागू द्या. वरच्या टोकाला डब्याचं झाकण टेकलं की बोल्ट आणि डबा मिळून एक पूर्ण वेढा तयार होतो, शॉर्ट झालेला, आणि फ्यूज जातो.

अँप्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या तारांपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवा. तरी हम (घुंऽऽ असा आवाज) आला तर कायमचा स्क्रू आवळण्याआधी ट्रान्सफॉर्मर नव्वद अंशांत फिरवून पाहा. फिरवताना अर्थात प्लग बाहेर.

पहिल्यांदा चालू करताना बोर्ड जोडूच नका. सिरीज बल्ब, ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर, एवढंच. कपॅसिटरवर डीसी मोजा आणि पायरी १ च्या कागदावरच्या तिसऱ्या आकड्याशी ताडून बघा. कमी असेल तर प्लग काढा, कपॅसिटरच्या दोन पायांत एक किलोओहमचा रेझिस्टर धरून तो रिकामा होऊ द्या, आणि मग बोर्ड जोडा. पहिली दहा मिनिटं सिरीज बल्बवरच, आवाज बारीक ठेवून.

सगळं ठीक चाललं की कागदी चिकटपट्टीवर पेननं लिहून ट्रान्सफॉर्मरला लावून टाका: कुठल्या रंगाची तार कशाची, भार नसताना किती, भारात किती, आणि तारीख. माझ्या त्या पहिल्या बारा-झिरो-बारावर अशी पट्टी आहे. तो आता टेबलावरच्या पॉवर सप्लायमध्ये काम करतो, मधल्या तारेसकट.